बारा मीटरचा हिवाळा

बहारीनमध्ये हिवाळा आधी कानांना कळतो. मे महिन्यापासून खिडकीत घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी आपण बंद करतो आणि घरात एवढं काही ऐकू यायला लागतं की दचकायला होतं. मोरीतल्या नळाचा थेंब. खालच्या अंगणातला खराटा. कोपऱ्यावरच्या भट्टीत रोटीवाला पीठ थापटतोय तो आवाज. हे सगळं सहा महिने चालूच होतं, आपणच काचेआड बसलो होतो.

काल सकाळी अदलियातल्या आमच्या घरात मी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. वाऱ्यातला चिकटपणा गेला होता. रस्त्यावरच्या गाड्यांच्या टपांवर दव होतं. माझी मुलगी सई दप्तर सावरत शाळेच्या बसकडं पळत सुटली. बारा वर्षांची झाली आहे आता. मी तिच्या पाठमोऱ्या पळण्याकडं बघत राहिले आणि माझा उजवा अंगठा शिवशिवला. दरवर्षी हवा अशी पालटली की तो शिवशिवतो. मॉस्कोच्या ऑलिंपिकच्या आधीचा एक अख्खा हिवाळा या अंगठ्यानं स्टॉपवॉचची कळ दाबली होती.

तेव्हा सई पाच वर्षांची होती. मी मूळची कराडची. लग्नाआधी तीन वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेलं. अरविंद इथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर, पहाटे साडेपाचला निघायचे. सईची बस पावणेसातला. त्यानंतर दिवस माझ्यापुढं न तपासलेल्या कोऱ्या वहीसारखा पडलेला असायचा. गणिताच्या बाईला मोजायला काही राहिलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात खालच्या मजल्यावर एक गोरं जोडपं राहायला आलं. एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर जिन्यातून धाडधाड पावलं वर यायची, गच्चीच्या दाराला हात लागायचा आणि पावलं खाली जायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. सप्टेंबरातली बहारीनची हवा म्हणजे उकळत्या पातेल्यावरची वाफ, आणि त्यात ही बाई तीन मजले चढत-उतरत होती. शेवटी ती दारातच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि धापा टाकत स्वतःशीच म्हणाली, "एकोणतीस."

"अठ्ठावीस," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. लाल चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. "तू मोजत होतीस?"

"हो. अठ्ठावीसच झाल्या."

ती वळली आणि आणखी एकदा खाली जाऊन वर आली. "आता?"

"आता एकोणतीस."

ही ग्लेनिस. ती इंग्रजीत बोलायची, पण इतक्या वर्षांनी माझ्या मनात ती मराठीतच बोलते, त्याला माझा इलाज नाही. तिला इंग्लिश म्हटलेलं चालायचं नाही. ती वेल्सची, वडील कोळशाच्या खाणीत. नवऱ्याची, कॉलिनची, इथल्या एका बँकेत बदली झाली म्हणून आली होती. वय एकोणतीस. आठशे मीटर धावायची. चार वर्षांपूर्वी ब्रिटनचा ऑलिंपिक संघ निवडण्याच्या शर्यतीत ती चौथी आली होती, आणि घेतलं होतं तिघींना.

"चौथी म्हणजे काय, माहितीये?" ती एकदा म्हणाली होती. "सगळे येऊन सांगतात, किती छान धावलीस."

तिचा हिशेब साधा होता. विलायतेत हिवाळा म्हणजे चिखल, धुकं, चारला अंधार. तिच्या बरोबरीच्या मुली त्यातच सराव करणार. बहारीनमध्ये मात्र नोव्हेंबर ते मार्च कोवळं ऊन, कोरडी जमीन. हे पाच महिने नीट वापरले तर जूनमधल्या निवडीच्या शर्यतीत ती तिसरी येऊ शकते. फक्त तिच्या वेळा टिपणारं कुणी तरी हवं होतं. तिचा प्रशिक्षक वेल्समध्ये. तो पत्रानं सराव ठरवून द्यायचा आणि तिनं पत्रानं आकडे कळवायचे. धावताना स्वतःच्या हातातलं घड्याळ दाबलं की माणूस नकळत लवकर दाबतो, असं तिचं म्हणणं होतं.

"अठ्ठावीस आणि एकोणतिसासाठी भांडणारी बाई मला हवी आहे," ती म्हणाली. मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

जागा तिनंच हुडकली. रिफा गावाच्या बाहेर घोड्यांचा एक तबेला होता, त्यामागं घट्ट, सपाट जमीन. तबेल्याची देखरेख करणारे अबू खलील म्हणून एक म्हातारे बहारीनी होते. तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्याकडं कारकून होते, दरसाल काही महिने मुंबईत राहायचे. त्यांचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा सफाईदार. ग्लेनिसला काय हवंय ते मी समजावून सांगितल्यावर त्यांनी तिला एकदा खालीवर न्याहाळलं, घोडा पारखावा तसं, आणि म्हणाले, "टाँगें अच्छी हैं. यल्ला, चलो, दौड़ने दो."

अरविंदना आधी हे सगळं खूळ वाटलं. पण मैदान मोजायचं आहे म्हटल्यावर त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. एका शुक्रवारी कारखान्यातली लांब पोलादी टेप आणून त्यांनी सकाळभर ओणवं राहून चारशे मीटरची फेरी आखली आणि आतल्या कडेनं तेलाची रिकामी पिंपं उभी केली. सई माझ्याजवळ उभी राहून ग्लेनिसची पहिली फेरी बघत होती. कुंपणापलीकडं एक तांबडा घोडा मान वर करून तेच बघत होता.

"आई, इज शी फास्टर दॅन हिम?" सईनं विचारलं.

"नाही गं."

"देन व्हाय इज शी रनिंग?"

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर शोधायला हिवाळाभर वेळ होता.

आठवड्यातून चार दिवस, सईची बस गेली की ग्लेनिसच्या छोट्या गाडीतून आम्ही रिफाला जायचो. लांबवर तेलविहिरींजवळची ज्योत दिवसाउजेडी फिकट जळत असायची. ग्लेनिस सुरुवातीच्या रेघेवर उभी राहायची, मी हात वर करून खाली आणायची आणि कळ दाबायची. मग तिच्या बुटांचा कचकच आवाज लांब जात जात वळणापलीकडं विरायचा आणि घड्याळाची टिकटिक तेवढी तळहाताला जाणवत राहायची. आजीच्या तोंडी घटका-पळं-विपळं ऐकली होती. चोवीस मिनिटांची घटका, तिची साठ पळं, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचं, आणि दोन मिनिटांची बरोबर पाच पळं. ग्लेनिसचं सगळं आयुष्य या पाच पळांच्या आसपास घुटमळत होतं. आपल्या भाषेत पळ म्हणजे काळाचा तुकडा आणि पळ म्हणजे धाव, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, तो शब्द चारदा म्हणून पाहिला आणि मग पुढं निघाली.

परतल्यावर माझ्या स्वयंपाकघरात थालीपीठ आणि चहा. आणि मासिक. विलायतेतून मैदानी खेळांचं एक मासिक तिला विमानटपालानं यायचं, दहा-बारा दिवस शिळं. पहिल्या पानांवर कायम पुरुष. त्या काळात ब्रिटनच्या दोन पुरुष धावपटूंनी मधल्या अंतरांवर जगभर दबदबा निर्माण केला होता. दोघांत श्रेष्ठ कोण यावर पानंच्या पानं. बायका शेवटच्या पानांवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. आम्ही तिथून वाचायला सुरुवात करायचो. ग्लेनिसच्या तोडीच्या सहाजणी होत्या. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना लीड्सवाली, बर्मिंगहॅमवाली, मास्तरीणबाई अशी नावं ठेवली. एक अठरा वर्षांची स्कॉटिश पोरगी होती, ती नुसती "पोरगी". कोण दुखापतीतून उठली, कोण लांबच्या शर्यतींकडं वळली, कोणाचा वेग दर महिन्याला वाढतोय, हे मला भाचरांच्या परीक्षेच्या निकालासारखं पाठ झालं. मी आलेखाच्या कागदावर सगळ्यांच्या रेघा काढल्या. ग्लेनिसची निळी. पोरगीची लाल. लाल रेघ बघून मला धडकी भरायची.

"आणि तू निवडली गेलीस तर तिथं कितवी येशील?" मी एकदा विचारलं.

"पहिल्या फेरीत बाद," ती थालीपिठावर लोणी फासत म्हणाली. "पूर्व युरोपातल्या बायका आमच्यापेक्षा कितीतरी पुढं आहेत. अंतिम फेरी वगैरे विसर."

"मग कशासाठी?"

ती खात खात विचार करत राहिली. "मला किती जमतं, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत न करून घेता म्हातारं व्हायचं नाहीये मला."

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नईम भागातल्या एका घरी गेले होते. तिथं बायकांनी मला घेरलं. "ती गोरी धावते म्हणे. आणि तू काय करतेस गं?"

"मी मोजते."

"एवढंच?"

"एवढंच." मी हसले. पण घरी परतताना तो शब्द मनात घोळत राहिला. एवढंच करताना मी त्या दिवसांत किती आनंदात होते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

डिसेंबरच्या अखेरीला दोन दिवस पाऊस झाला होता. इथं पाऊस पडला की रस्त्यांचे तलाव होतात, पाणी जायला वाटच नसते. शाळा बंद, आमचा सरावही बंद. आठवड्यानं मैदानावर गेलो तर जमीन पुन्हा वाळली होती, हवा काचेसारखी स्वच्छ. आणि ग्लेनिस भन्नाट धावली. नोव्हेंबरात दोन मिनिटं नऊ सेकंदांवर असलेली बाई जानेवारीत दोन मिनिटं सहावर आली, मग पाचवर. कच्च्या जमिनीवर, एकटीनं धावून. शर्यतीच्या पक्क्या मैदानावर आणि बरोबर कुणी असताना यातून आणखी काही सेकंद सहज वजा होतील, असं ती म्हणायची. तिनं प्रशिक्षकाला आकडे कळवले. माझी निळी रेघ एकदम खाली उतरली आणि लाल रेघेला भिडली.

त्याच दिवसांत रेडिओवर बातम्या यायला लागल्या. रशियानं अफगाणिस्तानात फौजा घातल्या, म्हणून अमेरिका मॉस्कोला जाणार नाही आणि ब्रिटनचं सरकारही आपल्या खेळाडूंना जाऊ नका म्हणतंय. ग्लेनिसच्या ओळखीतले गोरे लोक दोन तट पडून भांडत होते. बर्मिंगहॅमवालीनं आपण कदाचित जाणार नाही असं म्हटल्याचं मासिकात छापून आलं.

ग्लेनिस त्या दिवशी चहाला हात न लावता बसली होती. "सकाळी ते वाचलं आणि मला आनंद झाला," ती म्हणाली. "एक जण कमी झाली म्हणून. तिकडं गावांवर बाँब पडताहेत आणि मी इथं जागा मोजतेय. कसली बाई आहे मी?"

मी चहा पुन्हा गरम करून आणला.

फेब्रुवारीत कधीतरी मी आलेखाकडं जरा जास्तच वेळ बघत बसले. शाळेत असताना एखाद्या मुलीची वही फार नीटस दिसली की मला शंका यायची, तशी आली. सरावात ग्लेनिस फेऱ्यांखेरीज आणखी एक प्रकार करायची. मैदानाच्या सरळ बाजूला विजेचे दोन खांब होते, त्यांच्या दरम्यान ती जीव तोडून धावायची. त्या धावांचे आकडे मी वेगळ्या पानावर मांडत असे. आता ती दोन पानं शेजारी ठेवली. पावसाआधी आणि पावसानंतर, खांबांमधला वेग जवळजवळ तोच होता. फक्त फेऱ्यांचा वेळ घटला होता, आणि तोही हळूहळू नाही, एका आठवड्यात. तिचे पाय सरळ रेषेत तसेच राहिले आणि वळणावर अचानक सुधारले, हे कसं?

दुसऱ्या दिवशी ती अंग सैल करत होती तेव्हा मी सहज फिरल्यासारखं दाखवत पलीकडच्या वळणापर्यंत गेले. पिंपं रांगेत उभी होती. त्यांच्या बाहेरच्या बाजूला, चारेक पावलांवर, जमिनीवर गंजाची गोल वर्तुळं उमटलेली होती. प्रत्येक पिंपाला एक. पिंपं आधी तिथं होती.

अबू खलील घोड्याला खरारा करत होते. मी विचारलं. ते म्हणाले, "हां मैडम, बारिश में उधर कीचड़ था. घोड़ा फिसलता. मेमसाब भी फिसलती. मैंने सब ड्रम अंदर लिया." आणि आपण तिची काळजी घेतली म्हणून ते समाधानानं हसले.

मी ग्लेनिसला काही बोलले नाही. आधी खात्री करू, असं स्वतःला सांगितलं. आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ती पत्र नाचवत जिना चढून आली. प्रशिक्षकानं तिच्या जानेवारीतल्या आकड्यांवर ईस्टरच्या सुट्टीतल्या शिबिरात तिचं नाव घातलं होतं. निवडक आठ मुली, दहा दिवस, देशातले उत्तम प्रशिक्षक. तिनं मला मिठी मारली. मी "अरे वा" म्हणाले, तिला थालीपीठ वाढलं, समोर बसून चहा प्याले.

अरविंदना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोळ्यांवर विसंबू नकोस. उद्या शुक्रवार आहे, टेप लावून बघू."

टेपवर तीनशे चौऱ्याण्णव आले. पुन्हा मोजलं. तीनशे चौऱ्याण्णव. अरविंदनी टेप गुंडाळली आणि पिंपावर बसले. "एका फेरीला सहा. आठशेला बारा मीटर कमी. सांगायला हवं, वसू."

"का सांगायचं?" माझा आवाज मलाच चिरका वाटला. "पाय तर तिचेच आहेत ना? शिबिराला गेली तर तिथं पक्क्या मैदानावर सुधारेल. कुणाचं काय बिघडतंय?"

"तुझ्या वर्गातल्या मुलीचं उत्तर बरोबर आलं पण रीत चुकलेली असली, तर तू मार्क द्यायचीस?"

"नाही. पण ती मुलगी एकोणतीस वर्षांची नसायची. तिला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा असायची."

ते म्हणाले, "त्या आठव्या जागेवर दुसरी कुणीतरी आली असती. तीही कुठंतरी चिखलात धावतेच आहे." आणि आम्ही दोघांनी मिळून वळणावरची सातही पिंपं गंजाच्या वर्तुळांवर परत नेऊन ठेवली. फार जड नव्हती ती. तरी पाठ दुखली माझी.

दुपारी मी खाली गेले. ग्लेनिस दारातच उभी होती. मी एका दमात सगळं सांगितलं. खांब, पाऊस, वर्तुळं, टेप.

"सेकंदात किती?" तिनं विचारलं.

"दोनाला थोडे कमी."

"तुला कधी कळलं?"

"वर्तुळं बुधवारी पाहिली."

तिनं मान हलवली. दार अगदी हळू लावून घेतलं.

दोन आठवडे ती वर आली नाही. सकाळी सईची बस गेली की खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि ती एकटी निघून जायची. एसी बंद असल्यामुळं तो आवाज मला कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू यायचा. मी घर पुसायची, पुसलेलं पुन्हा पुसायची. मार्क देणारी बाई वर्गाबाहेर पडली की किती निरुपयोगी असते, ते मला त्या पंधरवड्यात कळलं. कॉलिन एकदा जिन्यात भेटला. त्यानं सांगितलं की ज्या दिवशी मी सांगितलं त्याच दिवशी ग्लेनिसनं प्रशिक्षकाला पत्र टाकलं, जानेवारीचे सगळे आकडे रद्द समजा म्हणून. शिबिरातली जागा गेली. ती स्कॉटलंडच्या पोरगीला मिळाली.

मार्चच्या एका सकाळी दारावर टकटक झाली. ग्लेनिस, सरावाच्या कपड्यांत, हातात स्टॉपवॉच.

"पिंपं परत कुणी लावली?"

"आम्हीच. त्याच दिवशी."

"मग चल."

गाडीत रिफाचा किल्ला मागं पडल्यावर ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून मी चिडले नव्हते. बुधवारी तुला शंका आली होती आणि गुरुवारी तू माझ्यासमोर बसून चहा प्यालीस. मी उड्या मारत होते आणि तू बघत होतीस. ते फार लागलं."

"चुकलंच माझं."

"हो," ती म्हणाली आणि गिअर बदलला. विषय तिथं संपला. आमच्याकडं असा विषय संपायला चार माणसं मध्ये पडावी लागतात.

अबू खलीलना झाला प्रकार कळल्यावर ते फार ओशाळले. डोक्यावरचा रुमाल काढून हातात चुरगाळत उभे राहिले. ग्लेनिसनं मला भाषांतर करायला लावलं, "सांग त्यांना, घोडा घसरला नाही ना? मग झालं." त्या दिवशी पुऱ्या चारशेच्या फेऱ्यांवर ती धावली. दोन मिनिटं सात. खरे सात. पुढं महिनाभर हवा तापत गेली, आम्ही निघायची वेळ आधी आधी आणत गेलो. कधी शमालचा वारा सुटून तोंडात रेती कचकचायची. निळी रेघ एका वेळी केसाएवढी उतरत होती, पण आता माझा तिच्यावर विश्वास होता. मेमध्ये तिचं विलायतेचं विमान सुटलं तेव्हा ती दोन मिनिटं पाचवर होती.

मधल्या काळात ब्रिटनच्या धावपटूंचं जायचं ठरलं होतं. बर्मिंगहॅमवालीसुद्धा जायला तयार झाली. जागा तीन, आणि धावणाऱ्या सगळ्याजणी हजर.

जूनमध्ये एका संध्याकाळी कॉलिन जिना चढून वर आला. त्याला फोन आला होता. "पाचवी," तो म्हणाला आणि आमच्या उंबऱ्याशी पायरीवरच बसला. तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ तिनं त्या दिवशी दिली होती. चार वर्षांपूर्वी तेवढ्या वेळेत ती सहज दुसरी आली असती. पण इतरजणीही चार वर्षं घरी बसल्या नव्हत्या. पोरगी तिसरी आली, मॉस्कोला गेली, पहिल्याच फेरीत बाद झाली. ऑलिंपिक चालू असताना अरविंदच्या ऑफिसातले सगळे त्या दोन ब्रिटिश पुरुषांच्या शर्यतींवर पैजा लावत होते. दोघांनी एकमेकांची ठरलेली शर्यत जिंकली, आणि पुढं कित्येक दिवस भारतीय, बहारीनी, गोरे सगळे तेवढंच बोलत होते. मी शेवटच्या पानांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होते.

ऑगस्टच्या शेवटी ग्लेनिस परत आली. बाहेर पाऊल ठेववत नव्हतं एवढी गरमी. चेहऱ्यावर मांस आलं होतं, केस कापले होते. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तिची आई, तिकडचा पाऊस, कॉलिनची मुदत आणखी एक वर्ष वाढली ते. मी बरेच दिवस एक प्रश्न गिळून बसले होते. शेवटी विचारलाच.

"शिबिराला गेली असतीस, तर?"

तिनं खरंच विचार केला. माझ्या समाधानासाठी पटकन काही बोलली नाही, हे मला बरं वाटलं.

"कदाचित चौथी आले असते," ती म्हणाली. मग हसू आलं तिला. "पुन्हा चौथी. नको बाई."

मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. मी पाठ फिरवून कढई उगाच घासायला घेतली. मागून तिचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला.

"तुला एक सांगू? मी कॉलिनलाही नीट सांगितलेलं नाही. शेवटच्या वळणावर मी तिसरी होते."

मी वळले.

"लीड्सवाली आणि मास्तरीणबाई पुढं. मी त्यांच्या मागं. बर्मिंगहॅमवाली आणि पोरगी अजून माझ्या मागं होत्या. त्या नंतर सरळ पट्ट्यावर गेल्या पुढं. पण वळण संपेपर्यंत मी तिसरी होते. चार सेकंद असतील. ते चार सेकंद मी ऑलिंपिकला चालले होते."

"तेव्हा कळत होतं तुला?"

"हो. अगदी स्पष्ट."

एवढ्या महिन्यांचे आकडे माझ्या कागदांवर होते, पण हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मला एकदम फार उत्सुकता वाटली. घासायचा हात तसाच राहिला.

"कसं होतं गं ते?"

ग्लेनिस शब्द शोधत राहिली. इंग्रजीतही तिला तो सापडेना.

"मैदान रुंद झालं," ती म्हणाली. "पुढं फक्त दोन पाठी. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा, वसू, एवढी..." आणि तिनं हात पसरले. आमचं स्वयंपाकघर अरुंद, तिचे लांब हात दोन्हीकडं भिंतींना टेकले, तरी ती ते पसरतच होती.